पाऊस किती पडला आणि ओल किती राहिली

या लेखाची सुरुवात एका चुकीच्या वाक्यापासून करावी लागते आहे, आणि ते वाक्य माझंच आहे. सेकंड इयरला असताना एका संध्याकाळी कॉमन रूममध्ये मी पेपर चाळत बसलो होतो. सोलापूर जिल्ह्यात पाऊस सरासरीच्या जवळपास झाला अशी एक बातमी होती आणि त्याच पानावर खाली रब्बीची ज्वारी धोक्यात असल्याची दुसरी. मी मोठ्यानं म्हणालो, "पाऊस तर झालाय की! मग दुष्काळ कसला?" समोर माझा रूम पार्टनर बसला होता. त्याचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूला. घरी सहा एकर जिरायत जमीन. त्याच्या दुसऱ्या सेमिस्टरची मेसची थकबाकी मार्चमध्ये ज्वारी आणि कडबा विकूनच भरली जाते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तो काही बोलला नाही, उठून गेला. रात्री लाइट बंद केल्यावर एवढंच म्हणाला, "दिवाळीला घरी चल. मग सांग पाऊस झालाय का नाही ते."

मी गेलो. तिथं जे पाहिलं आणि परत आल्यावर लायब्ररीत बसून जे समजून घेतलं, ते इथे मांडतो आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे कुळव, कोळपं, पाभर हे शब्द मी तिथंच पहिल्यांदा ऐकले. काही चुकलं तर त्या भागातल्या मित्रांनी सांभाळून घ्यावं.

आधी पावसाचं गणित. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला सोलापूरला सुमारे सातशे. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात हे आपण दहावीच्या भूगोलात पाठ केलं आणि पेपर झाल्यावर विसरलो. पण खरी गंमत (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो) त्या सातशे मिलिमीटरच्या वाटणीत आहे. सोलापूर भागात पाऊस दोन हप्त्यांत येतो. जूनमध्ये एक हप्ता, मग जुलै-ऑगस्टमध्ये मोठा खंड, आणि सप्टेंबरमध्ये दुसरा, सगळ्यांत मोठा हप्ता. खरिपात पेरलं तर पीक नेमकं वाढीला लागतं तेव्हा खंड पडतो. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक वेगळीच पद्धत बसवली आहे. भारी काळ्या जमिनीत खरीप घ्यायचाच नाही. जून ते सप्टेंबर शेत मोकळं ठेवायचं, पाळ्या घालायच्या, पडेल तो पाऊस जमिनीत मुरवायचा, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाफसा आला की ज्वारी पेरायची. त्यानंतर पाऊस जवळपास संपतो. म्हणजे हे पीक पावसावर वाढतच नाही! ते वाढतं साठवलेल्या ओलीवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होईपर्यंत त्याला वरून एक थेंबही मिळेल याची खात्री नसते.

हे कळल्यावर माझ्या त्या वाक्यातली चूक मला दिसायला लागली. पाऊस म्हणजे पगार आणि ओल म्हणजे बँकेतली शिल्लक. पगार चांगला आहे म्हणून महिनाअखेरीला खिशात पैसे असतीलच असं नाही, हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता ही शिल्लक राहते कुठे? आमच्या सिव्हिलच्या सॉइल मेकॅनिक्समध्ये काळी माती म्हणजे पक्की व्हिलन. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात, पाया उचलते, भिंती तडकवते. कारण तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातली चिकणमाती असते आणि तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं. पण इमारतीचा हाच शत्रू ज्वारीचा सोबती आहे. खोल काळी जमीन दर मीटर खोलीला पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. मुरमाड हलकी जमीन याच्या निम्मंही धरत नाही, आणि तिला खोलीही नसते.

मिलिमीटर हे माप डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून आपला टँकर घ्या. मे महिन्यात होस्टेलला जो दहा हजार लिटरचा टँकर येतो, तो एक एकर जमिनीवर सारखा पसरला तर पाणी किती उभं राहील? फक्त अडीच मिलिमीटर. एक एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर. त्या हिशोबानं दीडशे मिलिमीटर ओल म्हणजे एकरी सहा लाख लिटर, म्हणजेच साठ टँकर. तीन फूट मातीत साठ टँकर पाणी दडलेलं असतं आणि वरून पाहणाऱ्याला शेत कोरडं ठाक दिसतं.

या साठ टँकरचं धान्य किती होईल? अमेरिकेत कोलोरॅडोच्या कोरड्या मैदानात ब्रिग्ज आणि शांत्झ या दोघांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुंड्या तोलून तोलून एक काम केलं होतं. एक किलो सुकं वजन तयार करायला कोणतं पीक किती पाणी पानांतून सोडतं, हे त्यांनी मोजलं. ज्वारीला साधारण ३०० किलो पाणी लागलं, गव्हाला ५०० च्या आसपास. आता सहा लाख लिटरमधलं एक तृतीयांश पाणी जमिनीवरून उन्हानं असंच उडून जातं असं धरू. उरलं चार लाख. भागिले ३०० म्हणजे सुमारे १,३०० किलो सुकं वजन. त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा दाणा, बाकी कडबा. म्हणजे एकरी सव्वातीन ते सव्वाचार क्विंटल ज्वारी. मी हे उत्तर काढून पार्टनरच्या वडिलांना (मी त्यांना काका म्हणतो) दाखवलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "एवढं लिवायचं काय काम? चांगलं साल असलं की चार पोती हुतीच की." चार पोती म्हणजे चार क्विंटल. माझं कॅल्क्युलेटर आणि त्यांचा अंदाज एकाच जागी आले होते.

पण ते पुढे जे म्हणाले ते माझ्या गणितात नव्हतं. "पाणी किती हाय त्याच्यापेक्षा ते कवा संपतंय ते बघ."

हा लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो. वरच्या गणितात मी दाण्याचा हिस्सा चौथा ते तिसरा असा धरून टाकला. हा हिस्सा पक्का नसतो. ज्वारी पोटरीत येईपर्यंत पानं आणि ताट वाढवते. मग निसवते, फुलोरा येतो, आणि त्यानंतर महिना-सव्वा महिना दाणे भरतात. पूर्ण वाढलेलं पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी ओढू शकतं. या वेगानं दीडशे मिलिमीटर महिना-दीड महिन्यातच संपेल. ओल जर फुलोऱ्याआधीच संपली, तर शेतात कडबा उभा असेल पण कणसात दाणा नसेल. तेवढीच ओल जपून वापरली गेली आणि शेवटची चाळीस-पन्नास मिलिमीटर दाणे भरण्यासाठी उरली, तर त्याच शेतात पोती भरतील. पाऊस तोच, ओल तीच, फरक फक्त वेळेचा. म्हणून त्या भागात ओळी दीड फुटावर ठेवतात, रोपांची विरळणी करतात, युरिया हात राखून टाकतात. आमच्या एका मित्राचा प्रश्न होता की जास्त खत घालून पीक जोमानं का वाढवत नाहीत? कारण दाट, हिरवंगार पीक टाकी लवकर रिकामी करतं. डिसेंबरमध्ये जे शेत सगळ्यांत देखणं दिसतं, ते फेब्रुवारीत सगळ्यांत आधी माना टाकू शकतं.

दाणे भरताना ओल तुटली की आणखी एक संकट येतं. मातीतली एक बुरशी अशक्त झालेल्या ताटात शिरते, ताट आतून पोकळ होतं आणि पीक लोळतं. याला खडखड्या म्हणतात. वाळलेलं ताट हलवलं की ज्या प्रकारे वाजतं, ते ऐकल्यावर नावाबद्दल शंका राहत नाही.

मालदांडी हे नाव तुम्ही मेसच्या पोत्यावर वाचलं असेल. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडला गेला. त्यानंतर कितीतरी नवे वाण आले, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले अनुराधा, फुले वसुधा वगैरे, आणि त्यातले काही खास हलक्या तर काही खास भारी जमिनीसाठी आहेत. तरीही नव्वद वर्षांचा हा म्हातारा अजून शेतात आहे. त्याचं कारण दाण्याची चव आणि कडबा हे तर आहेच, पण तो कमी ओलीवर तग धरतो हेही आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. (ज्या गावच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केल्याची कथा आहे, ते हेच मंगळवेढं.)

आता हवा. आतापर्यंत मी फक्त पाण्याच्या साठ्याबद्दल बोललो, पण त्या साठ्याला वरून ओढणारा पंप म्हणजे हवा. थर्मोडायनॅमिक्समध्ये स्टीम टेबल वापरतो, तेच टेबल इथंही चालतं. २० अंशांना संपृक्त बाष्पदाब साधारण २.३ किलोपास्कल असतो, ३० अंशांना ४.२. म्हणजे दर अंशामागे सहा-सात टक्के वाढ. हवेत प्रत्यक्ष बाष्प तेवढंच राहिलं आणि तापमान चढलं, तर हवेची तहान वाढते आणि तेवढाच दाणा तयार करायला पिकाला जास्त पाणी सोडावं लागतं. ब्रिग्ज-शांत्झचा ३०० हा आकडा म्हणूनच दगडावरची रेघ नाही. कोरड्या, तापलेल्या हवेत तो वर जातो. पेरणी पंधरा-वीस दिवस लांबली की दाणे भरण्याचा काळ डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यातून सरकून फेब्रुवारीच्या उन्हात जातो. तिथं दोन्हीकडून मार बसतो, टाकी रिकामी होत आलेली असते आणि पंप जोरात चालू असतो. शिवाय उष्णतेनं पीक लवकर पिकतं, म्हणजे दाणा भरायला दिवसच कमी मिळतात.

मग थंडी चांगली म्हणावी, तर तीही मर्यादेत. नेमकं फुलोऱ्यात रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली गेलं की परागकण अशक्त होतात आणि कणसात दाणे विरळ भरतात. ढगाळ हवा आली की मावा वाढतो, पानांवर चिकटा पडतो, मग कडबा जनावरंही नीट खात नाहीत. आणि सगळं निभावून पीक उभं राहिलं तरी काढणी बाकी असतेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारपीट झाली तेव्हा काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा सगळं आडवं झालं होतं.

काकांनी दोन सालं सांगितली. २०१८ मध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस आलाच नाही. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सोलापूर जिल्ह्यातले बरेच तालुके होते. अनेकांनी पाभर बाहेरच काढली नाही. पेरायला ओलच नव्हती. नंतर २०२० मध्ये उलटं. ऑक्टोबरच्या मध्यात बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आंध्र, तेलंगण ओलांडून थेट सोलापूरवर आला, दोन दिवसांत शेतं तळी झाली, पंढरपुरात पूर आला. ज्यांनी पेरलं होतं त्यांचं बियाणं गेलं, ज्यांनी पेरलं नव्हतं त्यांना वाफसा येईपर्यंत थांबावं लागलं. वर्षाच्या बेरजेत मात्र हा पाऊस "भरघोस" म्हणूनच जमा झाला असणार.

आणि इथंच मुरण्याचा प्रश्न येतो. कोरड्या काळ्या जमिनीत भेगांतून पाणी झटकन खाली जातं, पण माती फुगून भेगा मिटल्या की ती अगदी हळू पाणी घेते. शंभर मिलिमीटर पाऊस चार हप्त्यांत आला तर बराचसा मुरतो, एका रात्रीत आला तर बांध फोडून ओढ्याला जातो आणि जाताना वरची माती घेऊन जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. म्हणजे सरासरी जागच्या जागी राहूनही पगाराचे हप्ते बिघडत चालले आहेत. काका जुलैमध्ये शेतात लहान लहान चौकोनी वाफे पाडून ठेवतात, पाणी जिथं पडेल तिथंच अडावं म्हणून. कागदावर हे फार साधं वाटतं. सहा एकरात करायचं तर बैलजोडी किंवा भाड्याचा ट्रॅक्टर लागतो, आणि तेव्हा हातात पैसा नसतो.

दिवाळीत मी गेलो तेव्हा पेरणीला पाच आठवडे झाले होते आणि दुसरी कोळपणी चालू होती. मला वाटलं तण काढताहेत. तण निघतंच, पण मुख्य काम भेगा बुजवण्याचं. वरची दोन इंच माती भुसभुशीत करून ठेवली की खालची ओल वर चढून उडत नाही, आणि भेगांच्या भिंतींमधूनही निसटत नाही. "एक कोळपणी, अर्धं पाणी" अशी म्हण तिकडे आहे. तीन आठवड्यांनी, पाच आठवड्यांनी आणि आठ आठवड्यांनी अशा तीन कोळपण्या शिफारशीतही सांगितल्या आहेत.

ओल मोजायची काकांची रीत म्हणजे खुरप्यानं वीतभर खणायचं, माती मुठीत दाबायची आणि लाडू वळतो का बघायचं. मी कॉलेजच्या वर्कशॉपमधून बारा मिलिमीटरची सळई टोक गोल करून, दर दहा सेंटिमीटरला खूण करून नेली होती. ओल्या मातीत सळई अंगाच्या जोरानं खाली जाते, कोरडी माती लागली की अडते. कोरडवाहू शेतीच्या देशांत हे साधन जुनंच आहे, मी काही शोध लावला नाही. घराजवळच्या चार एकरांत सळई तीन फूट गेली. ओढ्यापलीकडच्या दोन एकरांत सव्वा फुटावर ठक्क वाजलं. खाली मुरूम. तिथली शिल्लक जेमतेम पन्नास मिलिमीटर, म्हणजे एकरी वीस टँकर. आणि वरच्या थरातून उडून जाणारं पाणी तर उथळ जमिनीतूनही उडतंच, त्यामुळे वीसातले निम्मे पिकापर्यंत पोचतच नाहीत. दोन्हीकडे पाऊस अर्थातच एकच पडला होता. मधे एक ओढा होता, बस्स.

मी हे गणित सांगितल्यावर काका थोडा वेळ गप्प राहिले. पलीकडच्या तुकड्यात दाणा कमीच येतो हे त्यांना ठाऊक होतं, पण "यंदा बघू" म्हणून ते दरवर्षी दोन्हीकडे सारखंच बियाणं आणि सारखंच खत टाकत आले होते. त्या दिवशी त्यांनी त्या दोन एकरांतली रोपं आणखी विरळ केली, काढलेली रोपं म्हशीपुढे टाकली, आणि तिथं द्यायचं उरलेलं खत दिलं नाही. खताचे तेवढे पैसे वाचले. माझ्या आयुष्यातला हा पहिला इंजिनिअरिंग सल्ला, आणि तो देताना माझे हात घामेजले होते हे कबूल करतो. चुकला असता तर माझं काय गेलं असतं?

मार्चमध्ये मळणी झाली. चार एकरांत मी एकरी चार क्विंटल धरले होते, आले तीनच्या थोडे वर. फुलोऱ्याच्या आठवड्यात तिकडे कडाक्याची थंडी पडली होती असं पार्टनर सांगतो, आणि पाखरांनीही आपला वाटा नेला. थंडी माझ्या समीकरणात नव्हती, पाखरं तर नव्हतीच. पलीकडच्या दोन एकरांत मिळून दीड पोतं ज्वारी आणि बऱ्यापैकी कडबा झाला. पूर्वी त्या तुकड्यात किती व्हायचं हे कुणी वेगळं मोजलंच नव्हतं, त्यामुळे विरळणीचा फायदा झाला की नाही हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. यंदा दोन्ही तुकड्यांची मळणी वेगळी करून वजन लिहून ठेवायचं ठरलं आहे. मेसची थकबाकी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरली गेली, त्यात कडब्याचे पैसे ज्वारीपेक्षा फार कमी नव्हते.

सळई सध्या आमच्या खोलीत पलंगाखाली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दोघांनी मातीत पुरायचा स्वस्त सेन्सर करून द्यायचं कबूल केलं आहे, पण काळी माती वाळून आकसली की सेन्सर आणि माती यांच्यात फट पडते आणि रीडिंग खोटं येतं, तिथं गाडी अडली आहे. कुणाला उपाय सुचला तर रूम नंबर विचारून या. पार्टनर पुढच्या शनिवारी घरी जाणार आहे. सळई तोच घेऊन जाईल, आणि तिसऱ्या कोळपणीच्या आधीची ओल दहा-दहा पावलांवर मोजून वहीत लिहून आणेल.